काटकोन मोडणारे रस्ते

रत्नागिरी : कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगणे सोपे असते. गल्लीचा क्रमांक सांगितला की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. रत्नागिरीत आधी आळीचे नाव सांगावे लागते, मग नाका, मग एखादे देऊळ किंवा शाळा, आणि अखेरीस 'तिथून खाली उतरा' असे म्हणावे लागते. हे 'खाली उतरा' महत्त्वाचे आहे. राजारामपुरीतील रस्ते कागदावर पट्टी ठेवून आखलेले आहेत. रत्नागिरीतील रस्ते सड्यावरून खाडीकडे आणि बंदराकडे उतरताना आपसूक पडलेले आहेत.

शहरांच्या रस्त्यांची ही दोन कुळे जगभर आढळतात. पहिल्या कुळात रस्ते एकमेकांना समांतर आणि काटकोनात छेदणारे असतात. नगररचनाकार त्याला 'ग्रिड' म्हणतात. बोलीत बुद्धिबळाचा पट म्हटले तरी चालेल. दुसऱ्या कुळात वाटा जमिनीचा चढउतार, पाण्याचे ओघ आणि बाजारहाटाची ओढ यांप्रमाणे वळतात. मात्र सर्वाधिक कुतूहलाचे रस्ते या दोहोंच्या मधले असतात. सारे शहर पट्टीने आखलेले असताना एखादा मोठा रस्ता मधूनच तिरका निघून जातो, चौकोनांचे त्रिकोण करतो आणि सरळ चार फाटे असायचे तेथे पाच-सहा फाट्यांचा चौक निर्माण करतो. असा रस्ता अनेकदा शहरातील सर्वात गजबजलेला रस्ता असतो. त्याच्यावर वाहतूक पोलीस वैतागलेले असतात, व्यापारी खूश असतात, आणि तो तसा का आहे याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

चौकटीचे गणित

काटकोनी आखणी ही काही परकीयांची देणगी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुर्गनिवेशाच्या प्रकरणात नगरात पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग असावेत, असे सांगितले आहे. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेले जयपूर नऊ चौकड्यांच्या कल्पनेवर उभे राहिले. पण वायव्येची चौकडी नाहरगडच्या डोंगरामुळे बसेना, तेव्हा तिची भरपाई पूर्वेकडे करण्यात आली. चंडीगडमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यातील सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब आहेत.

चौकटीचा खरा फायदा जमिनीच्या वाटपात आहे. भूखंड एकसारखे पडतात, त्यांचे मोजमाप सोपे होते, विक्री सोपी होते, गटार आणि नळ सरळ रेषेत टाकता येतात. नवी पेठ वसवणाऱ्या राजाला, वखारी विकणाऱ्या संस्थानाला किंवा घरे बांधणाऱ्या महामंडळाला याहून सोयीची पद्धत सापडलेली नाही. शिवाय एक रस्ता बंद पडला तर शेजारची गल्ली हाताशी असते. मिरवणूक निघाली, पाइप फुटला, झाड पडले, तरी शहर थांबत नाही.

तोटा चालणाऱ्याला कळतो. समजा, एखाद्याला आपल्या घरापासून पूर्वेकडे ३ किलोमीटर आणि दक्षिणेकडे ४ किलोमीटर अंतरावर जायचे आहे. चौकटीच्या शहरात त्याला ७ किलोमीटर चालावे लागेल, मग तो कितीही वळणे घेवो. तिरका रस्ता असेल तर तेच अंतर ५ किलोमीटर भरते. शाळेतील पायथागोरसचा सिद्धांत येथे रोजच्या पेट्रोलच्या हिशोबात उतरतो. अगदी ४५ अंशांचा तिरका रस्ता असेल, तर बचत सुमारे २९ टक्के होते. यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. माणसे, बैलगाड्या आणि आता मोटारी तिरक्या वाटेने जाण्याचा आग्रह का धरतात, याचे उत्तर या २९ टक्क्यांत आहे. मैदानाला कुंपण घातले तरी कोपऱ्याकोपऱ्यातून पायवाट पडतेच, तसाच हा प्रकार.

या बचतीची किंमत चौकात मोजावी लागते. दोन दुपदरी रस्ते काटकोनात भेटतात तेथे वाहनांच्या मार्गांचे परस्परांशी ३२ छेद किंवा संगमबिंदू होतात, असे वाहतूकशास्त्रातील साधे गणित सांगते. तीन फाट्यांच्या चौकात ते अवघे ९ असतात. तिरका रस्ता येऊन पाचवा-सहावा फाटा जोडला गेला, की ही संख्या झपाट्याने वाढते. सिग्नलचे टप्पे वाढतात, प्रत्येक टप्प्याची वाट पाहण्याचा वेळ वाढतो. त्यातच लघुकोनात वळणाऱ्या चालकाला मागून येणारे वाहन नीट दिसत नाही आणि पादचाऱ्याला ओलांडायचे अंतर लांबते. जे किलोमीटरमध्ये वाचले ते मिनिटांत खर्च होते, असेही कधीकधी घडते.

आधी वाट, मग शहर

तिरका रस्ता जन्माला येण्याचे सर्वात जुने कारण म्हणजे तो चौकटीच्या आधीपासून तेथे असतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कचा ब्रॉडवे. मॅनहॅटन बेटावर १८११ मध्ये आयुक्तांनी १२ उभे अॅव्हेन्यू आणि १५५ आडवे रस्ते आखले. ब्रॉडवेचे मूळ त्या भूमीवरील आदिवासींच्या पायवाटेत आहे. आयुक्तांच्या नकाशात उत्तरेकडील या जुन्या रस्त्याला स्थान नव्हते. तो बंद व्हावा, असेच अपेक्षित होते. तो बंद झाला नाही. लोक त्यावरून जात राहिले, दुकाने येत राहिली आणि शेवटी नकाशालाच त्याच्यापुढे मान तुकवावी लागली. ब्रॉडवे जेथे जेथे अॅव्हेन्यूंना तिरका छेदतो, तेथे तेथे युनियन, मॅडिसन, हेरल्ड आणि टाइम्स हे चौक तयार झाले. २३व्या रस्त्याजवळच्या त्रिकोणी तुकड्यावर १९०२ मध्ये उभी राहिलेली फ्लॅटआयर्न इमारत इस्त्रीच्या आकाराची दिसते, ती जमीनच तशी उरली म्हणून. विशेष म्हणजे २००९ मध्ये शहराने टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा भाग वाहनांसाठी बंद केला आणि तो चालणाऱ्यांना परत दिला. तिरक्या रस्त्यामुळे चौकात होणारा गुंता सोडवण्याचा तो एक मार्ग ठरला.

बार्सेलोनाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९च्या आराखड्यात कोपरे छाटलेल्या चौकोनी गटांची विशाल चौकट आखली आणि तिच्यातच एक तिरका महामार्ग रेखला. नावच 'दियागोनाल'. म्हणजे तिरकेपणा हा अपघात नव्हता, तो आखणीतच होता. मात्र हा रस्ता समुद्रापर्यंत पोहोचायला १९९९ साल उजाडले. कागदावरची रेषा जमिनीवर येण्यास १४० वर्षे लागली. आपल्याकडे विकास आराखड्यातील रस्ते रखडल्याबद्दल जी हळहळ व्यक्त होते, तिला ही तुलना फारसा दिलासा देणारी नसली तरी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

टिळक रस्ता आणि पाच रस्त्यांचा चौक

महाराष्ट्रातील तिरक्या रस्त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण पुण्यात आहे. पेशवाईत वसलेल्या पुण्याच्या पेठा पूर्ण काटेकोर चौकटीत नसल्या, तरी त्यांच्यात एक शिस्त आहे. मुख्य रस्ते बहुतांशी दक्षिणोत्तर जातात, आडवे रस्ते त्यांना छेदतात. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता या शिस्तीचे आजचे वारस. सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ आणि तिच्या शेजारची नारायण पेठ या शिस्तीतच वाढल्या.

या शिस्तीला छेद देतो तो टिळक रस्ता. मुठेवरील लकडी पुलाच्या टोकापासून निघून तो आग्नेयेकडे, स्वारगेटपर्यंत जातो. एका टोकाला नदी ओलांडण्याची जागा, दुसऱ्या टोकाला सातारा आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांचे तोंड. या दोन बिंदूंमधील सर्वात जवळची वाट तिरकी आहे, आणि रस्ता तिरका आहे. पेठांच्या हिशोबाने तो वाकडा असेल; पण नकाशा थोडा दूर धरून पाहिला, तर पेठांनाच त्याच्या हिशोबात घ्यावे लागते. गेल्या शतकात शहर दक्षिणेकडे सरकत गेले, तसतसे या रस्त्याचे महत्त्व वाढले. सर परशुरामभाऊ महाविद्यालय, टिळक स्मारक मंदिर, हिराबाग या ठिकाणांमुळे तो शहराच्या सांस्कृतिक जीवनाचाही रस्ता झाला.

त्याची किंमत लकडी पुलाजवळच्या टिळक चौकात, म्हणजे बोलीतल्या अलका टॉकीज चौकात, मोजली जाते. येथे लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, शास्त्री रस्ता आणि पूल असे सारे एकत्र येतात. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुका ज्या चार रस्त्यांनी येतात, ते लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर हे रस्ते येथेच मिळतात. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही का संपत नाही, याची कारणे अनेक सांगितली जातात. ढोलपथके, मंडळांची संख्या, ध्वनिवर्धक. त्या यादीत या चौकाची भूमिती क्वचितच येते. चार प्रवाहांचे पाणी एकाच तोंडातून बाहेर काढायचे, तर वेळ लागणारच.

टिळक रस्त्याच्या कडेने फिरताना आणखी एक गोष्ट दिसते. रस्त्याला टेकलेले काही भूखंड चौकोनी नाहीत. त्यांची एक बाजू पेठेच्या जुन्या रेषेला समांतर आहे आणि दुसरी रस्त्याला. अशा तुकड्यावर बांधकाम करताना नियमाप्रमाणे सोडायची सामासिक अंतरे सोडली, की टोकाकडे फारसे काही उरत नाही. तिरक्या रस्त्यावर दुकानाचे दर्शनी तोंड मोठे मिळते, कोपरा दुरून दिसतो, म्हणून जागेला भाव असतो; पण तोच कोपरा घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने अडचणीचा असतो. हॉटेल, चष्म्याचे दुकान, पुस्तकांचे दुकान अशा त्रिकोणी जागांत बरोबर बसते. तिथे चार खोल्यांचे बिऱ्हाड बसवणे कठीण.

चाकरमान्यांच्या वाटेवर

मुंबईहून रत्नागिरीकडे येणाऱ्यांच्या वाटेवरही असा एक रस्ता आहे. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी वाशीचा पूल ओलांडतो आणि पुढे पनवेलपर्यंत ज्या रस्त्याने जातो, तो शीव-पनवेल मार्ग नवी मुंबईच्या सेक्टरांच्या गणितात बसत नाही. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ठाणे खाडीवरचा पहिला पूल त्याच दशकाच्या सुरुवातीला वाहतुकीला खुला झाला. म्हणजे शहराची आखणी आणि त्यातून जाणारा हमरस्ता जवळजवळ एकाच काळातले. तरीही दोघांची कामे वेगळी होती. सेक्टर राहणाऱ्यांसाठी होते, रस्ता जाणाऱ्यांसाठी. २०१०च्या दशकात रुंदीकरणानंतर तो दहा पदरी झाला, आणि ज्याला पलीकडच्या बसथांब्यावर जायचे आहे त्याच्या दृष्टीने तो रस्ता कमी आणि नदी अधिक झाला.

नवी मुंबईचाच पाम बीच मार्ग वेगळ्या कारणाने चौकट सोडतो. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे १० किलोमीटर तो खाडीचा काठ धरून वळत जातो. एका अंगाला सेक्टर आहेत, दुसऱ्या अंगाला तिवरांचे पट्टे आणि पाणथळ जागा. येथे सरळ रेषा मोडली ती समुद्राने. खाडीकडच्या बाजूला छेदरस्ते फारसे नसल्याने वाहने वेगाने धावतात आणि या मार्गावरील अपघात हा तेथील रहिवाशांच्या काळजीचा विषय राहिला आहे. सरळ चौकटीतील चौक कंटाळवाणे असतात, पण ते वेग आवरतात. हे येथे लक्षात येते.

मुंबई शहरातील एक उदाहरण मात्र नेमके उलट्या दिशेचे आहे आणि रत्नागिरीच्या दृष्टीने ते अधिक बोलके आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या जुन्या वस्तीत समुद्राचा वारा शिरावा, या हेतूने ट्रस्टने पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड हे त्यांतले. येथे चौकटीत तिरका रस्ता आला नाही. वेड्यावाकड्या गल्ल्यांच्या वस्तीत सरळ रस्ता घुसवण्यात आला. वारा आला, उजेड आला. ज्यांची घरे त्या रेषेवर होती, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र नव्या रस्त्याकाठी परवडणारी जागा मिळाली नाही आणि ते शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरले. ट्रस्टवर त्या काळी झालेल्या टीकेचा मुख्य रोख हाच होता. ट्रस्टनेच पुढे दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथे मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती उभ्या केल्या. हिंदू कॉलनीच्या क्रमांकाच्या गल्ल्या आणि पाच उद्याने ही त्या कामाची आठवण. मोकळ्या जमिनीवर काटकोन काढणे आणि वसलेल्या वस्तीत काढणे यांत केवढा फरक आहे, हे मुंबईतील त्या एकाच संस्थेच्या दोन कामांत पाहता येते.

मिऱ्या ते जयसिंगपूर

रत्नागिरीतून सुटणारा एक रस्ता या दोन्ही कुळांची ओळख करून देतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग २०४, आता १६६, बोलीत मिऱ्या-नागपूर रस्ता. मिऱ्या बंदराकडून निघून तो हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो, पाली, साखरपा करत आंबा घाट चढतो आणि मलकापूरवरून कोल्हापूरकडे जातो. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून जुन्या वाटेने कोल्हापुरात शिरणारा माणूस गंगावेशीत पोहोचतो. 'वेस' हा शब्दच सांगतो की येथे तटबंदीचे दार होते आणि रस्त्याची दिशा त्या दाराने ठरवली. वेशीच्या आत कोल्हापूरही आळ्या, गल्ल्या आणि बोळांचेच शहर आहे. त्याच्या बाहेर, पूर्वेकडे, संस्थानाच्या काळात वसलेल्या शाहूपुरी आणि राजारामपुरी क्रमांकाच्या गल्ल्यांनी ओळखल्या जातात. एकाच शहरात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर गंगावेशीतून निघून राजारामपुरीपर्यंत पायी जावे.

तोच रस्ता पुढे सांगलीच्या दिशेने जयसिंगपुरात येतो. ऊस परिषदेमुळे हे नाव आता राज्यभर ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी हे गाव रेल्वे स्थानकाजवळ मोकळ्या जागेवर व्यापारी पेठ म्हणून वसवले आणि आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला दिले. समांतर रस्ते, काटकोनी चौक, क्रमांकाच्या गल्ल्या. चंडीगडचा विचारही कोणी केलेला नव्हता त्या काळात शिरोळ तालुक्यातील हे गाव आखून बसवले गेले. येथे चौकटीत न बसणाऱ्या दोन रेषा आहेत, त्या म्हणजे रेल्वे आणि हमरस्ता. दोन्ही बाहेरून येतात आणि बाहेर जातात. गावाने आपले काटकोन आपल्यापुरते ठेवले.

या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातील चोकाक ते अंकली या टप्प्यात शेतकऱ्यांनी चौपट मोबदल्यासाठी आंदोलने केली. नकाशावर रेषा ओढणाऱ्यासाठी चोकाक आणि अंकली हे दोन बिंदू असतात. ज्याचे ऊस लावलेले शेत त्या रेषेने तिरके कापले जाते, त्याच्याकडे दोन्ही बाजूंना नांगर न वळणारे त्रिकोण उरतात. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळतो. उरलेल्या जमिनीचा आकार बिघडला, याचे मोल लावणे अवघड असते. भूसंपादनातील कितीतरी वाद या आकाराचे आहेत, क्षेत्रफळाचे नाहीत.

रत्नागिरीत चौकट का नाही

रत्नागिरी शहर पश्चिमेला रत्नदुर्गाच्या भूशिरापाशी समुद्रात शिरते. उत्तरेला मिऱ्याची खाडी आणि उपसागर, दक्षिणेला काजळी नदीचे मुख म्हणजे भाट्याची खाडी. पूर्वेला जांभ्याचा सडा. जुने गाव या सड्याच्या पायथ्याशी आणि उतारावर आळ्याआळ्यांनी वाढले. टिळक आळी, राम आळी या नावांतून ती जुनी रचना अजून ऐकू येते. मासेमारी करणाऱ्यांच्या वस्त्या बंदर आणि खाडीला चिकटून राहिल्या, कारण होडीपासून दूर राहून त्यांचे भागले नसते. ज्या जमिनीला तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला चढण आहे, तेथे काटकोनांची चौकट घालायला सपाट मैदान कुठून आणायचे?

अशा गावात एक रस्ता कणा होतो. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ आणि मग उतरून बाजारपेठ. बंगले, शाळा, कचेऱ्या, दवाखाने, सारे या कण्याला फासळ्यांसारखे जोडलेले आहेत. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१०च्या सुमारास बांधलेला राजवाडा सड्याच्या कडेवर, खाडीवर नजर ठेवून उभा आहे. त्याच्याकडे जाणारा रस्ताही या कण्यातूनच फुटतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, ती गावापासून दूर, सड्यावरून. त्यामुळे शहर पूर्वेकडे खेचले गेले. गाव आणि स्थानक यांना जोडणारा रस्ता तोच राहिला, त्यावरची वर्दळ तेवढी वाढली.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे हा चौकटीला अपवाद आहे. रत्नागिरीत चौकटच अपवाद आहे. सड्यावर नाचणे आणि शिवाजीनगरच्या बाजूला नव्या वसाहतींत भूखंड पाडताना त्यातल्या त्यात सरळ रस्ते काढले गेले. पण प्रत्येक वसाहतीची सरळ रेषा स्वतःपुरती आहे. एका मालकाची जमीन संपली की रेषा संपते आणि शेजारच्याची जमीन दुसऱ्याच कोनात सुरू होते. दोन वसाहतींतील रस्ते एकमेकांसमोर येऊन भिडतात तेथे मधे गडगा असतो, कधी वहाळ, कधी नुसतेच एखाद्याचे कुंपण. परिणामी शेजारच्या वसाहतीत जाण्यासाठीही मुख्य रस्त्यावर येऊन पुन्हा आत वळावे लागते. चौकटीचा जो मोठा फायदा, म्हणजे एक वाट अडली तर दुसरी मिळणे, तो रत्नागिरीला लाभलेला नाही. गणेशोत्सवात किंवा मे महिन्यात मारुती मंदिर ते जयस्तंभ या टप्प्यात गाड्या अडकल्या, की गाव अडकते.

यावर उपाय म्हणून नेहमी रुंदीकरणाचे नाव घेतले जाते. सड्यावरच्या भागात ते काही प्रमाणात शक्य असते. जयस्तंभावरून खाली उतरल्यावर मात्र दुकाने आणि घरे रस्त्याला टेकून आहेत, आणि तेथे प्रिन्सेस स्ट्रीटचाच प्रश्न उभा राहतो. रुंद रस्ता कोणासाठी आणि कोणाच्या ओट्यावरून? पिढ्यान् पिढ्या एकाच गाळ्यात धंदा करणाऱ्या माणसाला दुसरीकडे गाळा देता येतो, गिऱ्हाईक देता येत नाही. याउलट सड्यावरच्या वसाहतींचे तुटलेले रस्ते एकमेकांना जोडले, तर कण्यावरचा भार कमी होईल आणि त्यासाठी पाडावे लागेल ते मुख्यतः गडगे. हे काम रुंदीकरणापेक्षा स्वस्त आहे. त्याचे उद्‌घाटन दिमाखात करता येत नाही, एवढीच त्याची उणीव.

कायद्यात त्यासाठी तरतुदी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे प्रत्येक नगरपरिषदेला विकास आराखडा करावा लागतो आणि साधारण वीस वर्षांतून एकदा त्याचा फेरविचार अपेक्षित असतो. आराखड्यात दाखवलेला रस्ता म्हणजे 'डीपी रस्ता' हा शब्द जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला परिचित आहे. मात्र जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण संपते. त्यामुळे नकाशावर जोडलेले रस्ते जमिनीवर तुटलेले राहू शकतात. दुसरा मार्ग नगररचना योजनेचा. मुंबई प्रांताने १९१५ मध्येच त्यासाठी कायदा केला होता. यात सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात, रस्ते काढले जातात आणि उरलेल्या जमिनीचे नव्या आकाराचे अंतिम भूखंड प्रत्येकाला परत दिले जातात. प्रत्येकाची थोडी जमीन कमी होते, कोणा एकाचीच सगळी जात नाही. आणि नांगर न वळणारा किंवा घर न बसणारा त्रिकोण कोणाच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी आखतानाच घेता येते. आंबा-काजूच्या बागा, वाटण्या न झालेली सामाईक मालकी आणि मुंबईत राहणारे हिस्सेदार यांमुळे कोकणात अशी योजना राबवणे किचकट होते. सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असलेल्या जमिनीचा तुकडा बदलून घ्यायचा, तर वीस सह्या लागतात, आणि त्यातले दोघे-तिघे फक्त गणपतीला भेटतात.

तोवर सड्यावरून येणारी सारी वाहने जयस्तंभापाशी गोळा होतात, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, बसस्थानकाकडे आणि बाजारपेठेकडे वाटली जातात, आणि बंदराकडे निघालेला मासळीचा टेम्पो त्यांच्यातून वाट काढत उतारावर लागतो.